बॅटरीगाडीचा वेग आणि ओढ : वाढवायची कशी, आणि किती?

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



ऊस लागवडीच्या माहितीसाठी राखलेल्या या पानावर बॅटरीवर चालणाऱ्या गाडीचा विषय पाहून काहींना नवल वाटेल. त्याचे कारण असे. आपल्या बेणेमळ्यातील रोपवाटिकेत एक डोळा पद्धतीच्या रोपांचे ट्रे शेडनेटमधून रस्त्यापर्यंत आणण्यासाठी आपण एक जुनी गोल्फ-गाडी वापरतो. ती पाहून काही सभासदांनी लिलावात तशाच गाड्या घेतल्या. घेतल्यापासून पंधरा दिवसांत प्रत्येकाचा प्रश्न एकच, "साहेब, गाडी लई मंद हाय. जोरात पळायला आन् चढाला वढायला काय करावं?"

या प्रश्नाचे घाईत दिलेले उत्तर महागात पडते. ते मी स्वतःच एकदा दिले आहे, म्हणून हा धडा सविस्तर लिहीत आहे.

ही गाडी मुळात कशासाठी?

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ऑगस्टा नावाचे गाव आहे. तेथे अशा गाड्यांचे मोठे कारखाने असून 'ई-झी-गो' ही कंपनी १९५४ साली तेथेच निघाली. दोन माणसे आणि खेळाच्या दोन पिशव्या घेऊन हिरवळीवरून सावकाश फिरावे, एवढेच काम डोळ्यांसमोर ठेवून गाडीची बांधणी झाली. तिचा वेग साधारण ताशी २० ते २४ किलोमीटर. बहुतेक गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. हे वाक्य लक्षात ठेवावे, पुढे लागणार आहे.

त्याच राज्यातील पीचट्री सिटी येथे लोक या गाड्यांतून बाजारहाट करतात. त्यांच्यासाठी सुमारे १६० किलोमीटरच्या वेगळ्या वाटा आहेत. गाड्या जोरात पळू लागल्या तेव्हा १९९८ साली अमेरिकेच्या सरकारने नियम केला. ताशी ३२ ते ४० किलोमीटर वेगाच्या गाडीला दिवे, आरसे आणि आसनपट्टे असलेच पाहिजेत. वेगाबरोबर जबाबदारी वाढते, हे तिकडेही अनुभवानेच कळले.

वेग वेगळा, ओढ वेगळी

शर्यतीचा खोंड आणि नांगराचा बैल यांच्याकडून आपण एकच काम अपेक्षित नाही. ट्रॅक्टरचेही तसेच. पहिल्या गिअरला ओढ, वरच्या गिअरला पळ. बॅटरीगाडीला गिअर बदलण्याची सोय नसते. मोटर आणि चाक यांच्यामध्ये डिफरन्शियलचे एकच ठरलेले प्रमाण असते, सुमारे साडेबारास एक. म्हणजे मोटरचे साडेबारा फेरे झाले की चाकाचा एक.

आता विजेचे पाहू. टाकी जितकी उंच तितका पाण्याला दाब. नळी जितकी मोठी तितका पाण्याचा लोंढा. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची, अँपिअर म्हणजे लोंढा. ढोबळ नियम असा, की व्होल्ट वाढले की वेग वाढतो, अँपिअर वाढले की ओढ वाढते. ओढीलाच मिस्त्री टॉर्क म्हणतात, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर.

चढाचा हिशेब

गाडी, बॅटऱ्या, चालक आणि ट्रे मिळून वजन ७०० किलो धरू. कच्च्या मुरमाड रस्त्यावर सपाटीला गाडी ओढायला वजनाच्या शेकडा ५ जोर लागतो असे धरले, तर तो ३५ किलो होतो. दहा फुटांना एक फूट चढ आला की त्यात ७० किलोची भर पडते. एकूण १०५ किलो. म्हणजे तिप्पट.

ताशी १० किलोमीटर वेगाने हा चढ चढायला चाकापाशी सुमारे २,८५० वॅट लागतात. मोटर आणि गिअरमधील तूट धरून बॅटरीतून ४,००० वॅटच्या वर निघतात. ३६ व्होल्टच्या गाडीला याचे सुमारे ११५ अँपिअर होतात, ४८ व्होल्टच्या गाडीला ८५. तेच काम बॅटरीतून कमी अँपिअर घेऊन झाल्याने बॅटरीची तार कमी तापते. जादा व्होल्टचा हा खरा फायदा आहे, नुसता वेग नव्हे.

माझी चूक

आमची गाडी मंद म्हणून मी सोपा मार्ग धरला. १८ इंचांचे टायर काढून २२ इंचांचे बसवले. हिशेब बरोबरच होता. चाक मोठे, तेवढ्याच फेऱ्यांत गाडी शेकडा २२ जादा पळणार. सपाटीला पळालीही. पोरे खूष, मीही खूष.

पण त्याच हिशेबाची दुसरी बाजू मी पाहिली नव्हती. चाक मोठे झाले की जमिनीवरची ओढ शेकडा १८ नी घटते. ब्रेकची पकडही तेवढीच घटते, कारण ड्रम जुनाच राहतो. तिसऱ्या दिवशी ट्रे भरलेली गाडी पाटाच्या भरावावर चढताना मध्येच थांबली आणि मागे सरकू लागली. चालवणाऱ्या मुलाने ब्रेक दाबला, तो पुरला नाही. त्याने उडी मारली आणि पाय चाकाखाली आला. सहा आठवडे प्लॅस्टर होते. दवाखान्यात त्याची आई मला एवढेच म्हणाली, "सायेब, गाडी हळूच चालत हुती ते बरं हुतं की."

त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. टायर दुसऱ्याच दिवशी उतरवले. पुढचे काम क्रमाने केले. तोच क्रम खाली देत आहे.

सुधारणा : कोणत्या क्रमाने?

१) आधी मूळ गाडी दुरुस्त करा. मंद गाडीत पुष्कळदा सुधारणेची नव्हे, निगेची गरज असते. टायरमध्ये हवा कमी, ब्रेकचा लायनर घासणारा, टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर, ही नेहमीची कारणे. बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून हायड्रोमीटरने प्रत्येक खाना तपासावा. रीडिंग १२६५ ते १२८० च्या दरम्यान हवे. एखादा खाना इतरांपेक्षा ५० ने खाली असेल तर ती बॅटरी गेली समजावे. नंतर गाडी चढाला लावून चालू स्थितीत प्रत्येक बॅटरीचे व्होल्ट मोजावेत. सहा बैलांच्या नांगराला एक आजारी बैल जुंपला तर बाकी पाचांचे कष्ट वाया जातात, तसे येथे होते.

२) मग ब्रेक. वेग ताशी २० वरून ३० केला तर वेग दीडपट होतो, पण थांबवायचा जोर सव्वादोन पट लागतो. लायनर, केबल आणि हँडब्रेक आधी बदलून घ्या. भरलेली गाडी चढावर उभी करून हँडब्रेकवर ती थांबते का, ते पहा. थांबत नसेल तर पुढचे वाचू नका.

३) तारा. जुन्या गाड्यांत साधारण १३ चौरस मिलिमीटरची तार असते. तिच्या जागी २५ ते ३५ ची तांब्याची तार घालावी. थिंबल हातोड्याने ठोकू नये, प्रेसने दाबून घ्यावे. २०० ऐवजी ३०० अँपिअर गेले तर तारेची उष्णता दीडपट नव्हे, सव्वादोन पट होते.

४) कंट्रोलर आणि कॉन्टॅक्टर. ओढ वाढवायची खरी जागा ही. कंट्रोलर हा पाटावरच्या दारासारखा, मोटरला किती अँपिअर द्यायचे ते ठरवतो. मूळचा बहुधा २२५ ते ३०० अँपिअरचा असतो, त्याऐवजी ४०० चा बसवता येतो. पण पाट रुंद करून मोरी जुनीच ठेवली तर पाणी मोरीपाशीच तुंबते. म्हणून कॉन्टॅक्टर, फ्यूज आणि तारा त्याच ताकदीच्या हव्यात.

मोटर कोणती, ते आधी ओळखा. टर्मिनलवर 'ए-१, ए-२, एस-१, एस-२' असेल तर ती सिरीज मोटर, सुरुवातीची ओढ दांडगी. 'एफ-१, एफ-२' असेल तर तिच्या फिल्डला वेगळा प्रवाह लागतो. दोन्हींचे कंट्रोलर वेगवेगळे असतात. एकाचा दुसरीला चालत नाही.

५) व्होल्ट. ३६ ची गाडी ४८ व्होल्टवर नेली तर वेग सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. मात्र कंट्रोलर, कॉन्टॅक्टरची कॉइल आणि चार्जर सगळे ४८ चे पाहिजेत. जुन्या बॅटऱ्यांच्या रांगेत नवी बॅटरी जोडून व्होल्ट वाढवू नयेत. जुन्या बॅटऱ्या नवीलाही आपल्या वळणावर नेतात.

६) लिथियम बॅटरी. सहा शिशाच्या बॅटऱ्यांचे वजन सुमारे १७० किलो भरते. तेवढेच काम देणारी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण तिसऱ्या हिश्श्याची असते. तेवढा भार कमी झाला की चढ आपोआप सोपा होतो. पण तिच्या आतील रक्षक सर्किटची अँपिअरची मर्यादा कंट्रोलरइतकी किंवा जास्त हवी. नाहीतर ऐन चढावर ते सर्किट वीज तोडते आणि गाडी जागीच थांबते. म्हणजे पुन्हा आमच्या भरावावरचाच प्रसंग.

७) टायर आणि गिअर सर्वांत शेवटी. ओढ शिल्लक असेल तरच. यात नवी ताकद येत नाही. ओढीतले काढून वेगात घातले जाते, एवढेच.

हे कधीही करू नये

• सिरीज मोटर भाराशिवाय पूर्ण व्होल्टवर फिरवू नये. मोकळी मोटर वेग वाढवतच जाते आणि आर्मेचर फुटते. जॅकवर चाके उचलून पॅडल दाबून धरणे म्हणजे तेच.

• हातात अंगठी किंवा कडे घालून बॅटरीत पाना घालू नये. पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर लाल होतो. कामाआधी मुख्य तार सोडावी.

• चार्जिंगच्या जागी विडी-काडी नको. शिशाच्या बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेतो. खोली हवेशीर ठेवावी.

• शिशाच्या बॅटरीत पाणी चार्जिंगनंतर, आणि डिस्टिल्डच घालावे. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी फक्त त्या बुडतील इतके घालून मग चार्ज करावे.

• गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणू नये. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायच्या खास बनावटीच्या गाड्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. ही सवलत फाटकाच्या आतच आहे. बाहेर अपघात झाला तर नोंदणी नाही, विमा नाही, सगळे मालकाच्या अंगावर.

शेवटी

आमच्या गाडीला आता जाड तारा, ४०० अँपिअरचा कंट्रोलर, नवे लायनर आणि मूळचे १८ इंची टायर आहेत. भरावाचा चढ ती भरल्या ट्रेंसह न थांबता चढते. वेगाची मर्यादा मात्र कंट्रोलरमध्येच ताशी २० वर बांधली आहे. रोपांना त्याहून घाई नसते. ट्रे आदळले की मुळाभोवतीचे कोकोपीट सुटते आणि लागण तुटक होते, हे आपण सर्व जाणता.

तो मुलगा बरा होऊन पुन्हा कामावर आला आहे. गाडीची किल्ली मी त्याच्याच हाती दिली आहे. रोज सकाळी तो आधी हँडब्रेक पाहतो, मग ट्रे भरू देतो. मी त्याला तसे सांगितले नव्हते.

ज्या सभासदांकडे अशी गाडी आहे त्यांनी काही बदल करण्यापूर्वी बेणेमळ्यात येऊन आमची गाडी पाहावी आणि मिस्त्रीलाही बरोबर आणावे. शंका असतील तर आपल्या गट कार्यालयात शेती मदतनिसाकडे लिहून द्याव्यात.