परदेशी रणभूमीवर सैन्य पाठविण्याचा अधिकार कोणाचा?

मूलभूत हक्क, राखीव जागा, अस्पृश्यता निवारण या कलमांवर आपल्या समाजात पुष्कळ चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. परंतु संविधानाचा अभ्यास तेवढ्यावर संपत नाही. देशाच्या सीमेबाहेर सैनिक पाठवायचे की नाही, हे कोणी ठरवायचे, हाही प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा आहे. कारण सैन्यात जाणारी मुले गोरगरिबांच्या घरांतूनच मोठ्या संख्येने जातात. म्हणून हा विषय विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

संविधान काय सांगते?

कलम ५३ (२) प्रमाणे संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे. मात्र त्याचा वापर कायद्याने नियमित व्हावा, असे तेच कलम सांगते. कलम ७४ नुसार राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. म्हणजे खरा निर्णय मंत्रिमंडळाचा. सातव्या अनुसूचीतील संघसूचीत संरक्षण, सेना आणि 'युद्ध व शांतता' हे विषय आहेत, म्हणून त्यांवर कायदा करण्याचा अधिकार संसदेचा आहे. परंतु परदेशी सैन्य पाठविण्यापूर्वी संसदेची संमती घ्यावीच लागेल, असा कायदा संसदेने आजवर केलेला नाही.

येथे एक विसंगती ध्यानात घ्यावी. युद्धामुळे कलम ३५२ खाली आणीबाणी पुकारली, तर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनुसार एका महिन्यात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मंजुरी घ्यावी लागते. पण परक्या देशातील संघर्षात सैनिक उतरविण्यासाठी अशी अट नाही. मग संसदेच्या हाती काय उरते? खर्चाच्या मागण्यांवरील मतदान, प्रश्न व चर्चा, आणि कलम ७५ (३) प्रमाणे लोकसभेला जबाबदार असलेल्या मंत्रिमंडळावर अविश्वास. ही साधने मोठी आहेत, परंतु ती बहुधा सैनिक रवाना झाल्यावर उपयोगी पडतात.

श्रीलंकेचा धडा

२९ जुलै १९८७ रोजी पंतप्रधान राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला आणि लगेच भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली. संसदेत निवेदने झाली, चर्चाही झाल्या. पण सैन्य पाठविण्यापूर्वी ठराव मांडून सभागृहाचे मत घेतले गेले नाही. शांतता राखण्यास गेलेल्या सेनेला ऑक्टोबरपासून लिट्टेशी लढावे लागले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, तोवर अकराशेंहून अधिक जवान कामी आले होते.

या मोहिमेत महार रेजिमेंटही होती. तिच्या ८ व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. सैनिकाच्या शौर्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. म्हणूनच विचारावेसे वाटते, जो आज्ञा मिळताच प्राण देतो, त्याला पाठविण्याआधी लोकप्रतिनिधींनी उघडपणे मत देऊ नये काय?

इतर देशांतील रीत

अमेरिकेच्या संविधानात युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला आहे. तरीही १९५० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी युद्धघोषणेवाचून कोरियात सैन्य पाठविले. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिन ठरावाने काँग्रेसनेच व्हिएतनामबाबत राष्ट्राध्यक्षांना मोकळीक दिली. विरोधात सिनेटमध्ये फक्त दोन मते पडली. पुढे अठ्ठावन्न हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मेले. व्हिएतनामी माणसे तर लाखोंनी मेली. शेवटी १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने युद्धाधिकार ठराव संमत केला. त्यानुसार ४८ तासांत काँग्रेसला कळवायचे आणि संमती न मिळाल्यास ६० दिवसांत सैन्याचा वापर थांबवायचा. सुरक्षित माघारीसाठी आणखी ३० दिवसांची सवलत. प्रत्यक्षात अनेक राष्ट्राध्यक्षांनी यातून पळवाटा काढल्या आहेत.

जर्मनीत १२ जुलै १९९४ च्या निकालाने घटना न्यायालयाने अशा मोहिमांना संसदेची संमती आवश्यक ठरविली. २००५ मध्ये त्याचा कायदा झाला. ब्रिटनमध्ये असा कायदा नाही. तरी २९ ऑगस्ट २०१३ रोजी सीरियावरील कारवाईचा सरकारी प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी पडला आणि पंतप्रधानांनी तो कौल मानला.

शाक्य संघाची सभा

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला शाक्य-कोलियांचा वाद सांगितला आहे. सेनापती संघापुढे युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो आणि आधी दोन्ही बाजूंच्या दोषाची चौकशी व्हावी म्हणतो. मतदान होते, सिद्धार्थ हरतो. तरीही तो युद्धात भाग घेण्याचे नाकारतो आणि परिणाम म्हणून गृहत्याग पत्करतो.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, युद्धाचा प्रश्न सभेपुढे आला, ठराव झाला, मते मोजली गेली, विरोधकाला बोलता आले. दुसरी, बहुमत असले म्हणून निर्णय न्याय्य होतोच असे नाही. टोंकिन ठरावाने तेच दाखविले. म्हणजे सभागृहाची संमती आवश्यक आहे, पण तेवढी पुरेशी नाही. सदस्यांना खरी माहिती मिळणे आणि विरोधी मत ऐकले जाणेही तितकेच गरजेचे आहे.

आमचे मत

कोणी म्हणेल, शत्रू दारात असताना चर्चा कसली? ते बरोबर आहे. स्वसंरक्षणासाठी सरकारला तत्काळ कृती करता आलीच पाहिजे. गुप्त हालचाली सभागृहात उघड करा, असेही आमचे म्हणणे नाही. परंतु दुसऱ्याच्या भूमीवरील मोहिमेस बहुधा विचारास वेळ असतो. बँकेत मोठ्या रकमेवर एकाची सही चालत नाही, दुसऱ्या अधिकाऱ्याचीही लागते. ती पहिल्यावरील अविश्वासापोटी नसते, जबाबदारी निश्चित व्हावी म्हणून असते. मग माणसांच्या प्राणांसाठी दुसरी सही का नसावी?

यासाठी घटनादुरुस्तीचीही गरज नाही. कलम ५३ (२) आणि संघसूची यांच्या आधारे संसद साधा कायदा करू शकते. त्यात मोहिमेचा हेतू, मुदत आणि खर्च सांगून पूर्वसंमती घेण्याची, तर तातडीच्या प्रसंगी ठराविक दिवसांत मंजुरी घेण्याची तरतूद असावी. विद्यार्थ्यांनी ही कलमे मुळातून वाचावीत, आपसांत चर्चा करावी आणि मत मागावयास येणाऱ्या उमेदवाराला हा प्रश्न जरूर विचारावा.

जय भीम!