भट्टीजवळचे काम आणि पेशींतले पंप

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत आपल्या वस्त्यांतली बरीच मुले कामाला जातात. पहिल्या आठवड्यात नव्या मुलाला चक्कर येते, पोटऱ्यांत गोळे येतात. जुना कामगार त्याच भट्टीपाशी टिकतो. मग नव्याला ऐकावे लागते, “अंगात दम नाही.” खरे कारण पेशींत आहे, ते आपण समजून घेऊ.

आपल्या प्रत्येक पेशीच्या पडद्यात सूक्ष्म पंप असतात. एका फेरीत हा पंप ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्काऊ यांनी १९५७ साली तो दाखवून दिला. १९९७ साली त्यांना नोबेल मिळाले. सोडियम म्हणजे मिठातलाच घटक. घाम ग्रंथीतून त्वचेवर येताना वाटेतल्या नळीतल्या पेशी पंपांच्या जोरावर त्यातले काही मीठ परत घेतात.

रोज घाम गाळला की शरीरात अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते. ते पेशीत शिरून केंद्रकापर्यंत पोचते आणि पंपाच्या जनुकाला जणू सांगते, “आणखी पंप बनवा.” जनुकाची नक्कल निघते, तिच्यावरून प्रथिन तयार होते, ते पडद्यात बसते. पंप वाढले की घामातून मीठ कमी जाते. सोबत रक्तातले पाणी वाढते, घामही लवकर सुटतो. या साऱ्याला १ ते २ आठवडे लागतात. जिद्दीने ते एका दिवसात होत नाही.

म्हणून नव्या कामगाराला पहिल्या दिवशी उष्णतेत पाळीचा पाचवा भागच काम द्यावे, रोज तेवढेच वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण पाळी द्यावी. आठवडाभर सुट्टी झाली तर ही सवय मोडू लागते. परतल्यावरही कामाचा वेळ हळूहळू वाढवावा. हे मुकादमाला सर्वांनी मिळून सांगावे.

तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. फार घाम गेला तर ओआरएसचे पाकीट १ लिटर पाण्यात कालवून घ्यावे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

कामगार असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, शुद्ध हरपली, तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.