समुद्राची ऊब, ध्रुवांवरील हिम आणि सागराची पातळी

(वरच्या प्राथमिक इयत्तांसाठी : भूगोल व सामान्य विज्ञान)

ध्रुवांवरील बर्फ वितळतो व त्यामुळे समुद्राची पातळी वाढते, या एका वाक्यात हा विषय संपविण्याचा प्रघात वर्गांतून आढळतो. हे वाक्य खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि त्यातून दोन चुकीच्या समजुती उत्पन्न होतात. पहिली ही की, तरंगणारा बर्फ व जमिनीवर टेकलेला बर्फ हे दोन्ही वितळून पातळी सारखीच वाढवितात. दुसरी ही की, बर्फ वितळतो तो केवळ वरून, तापलेल्या हवेने. वस्तुतः अंटार्क्टिकाच्या हिमाची आज जी झीज होत आहे, तिच्यात मुख्य वाटा खालून येणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा आहे. या दोन्ही समजुती दूर करणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय.

साहित्य : काचेचे दोन सारखे पेले, एक दगड, लहान तोंडाची एक बाटली, पोकळ बारीक नळी, मेण, रंगीत पाणी, एक वाडगा, एक ताटली, ऊन पाण्याचे भांडे व बर्फ. बर्फ मासळीबाजारात अथवा गोळेवाल्याकडे सहज मिळतो.

प्रयोग पहिला. एका पेल्यात पाणी घेऊन त्यात बर्फाचा खडा तरंगत ठेवावा. दुसऱ्या पेल्यात पाण्याबाहेर डोके काढील असा दगड ठेवून त्यावर तेवढाच खडा ठेवावा. दोन्ही पेल्यांवर पाण्याच्या पातळीची खूण करावी. बर्फ वितळण्यापूर्वी विद्यार्थ्यांचे अंदाज फळ्यावर लिहून घ्यावेत. बहुतेक मुले दोन्हीकडे पाणी वाढेल असेच सांगतील. वितळल्यावर मात्र पहिल्या पेल्यात पाणी खुणेपाशीच राहते व दुसऱ्यात वर चढते. तरंगणारा पदार्थ आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूस सारतो. म्हणून वितळल्याने त्यात भर पडत नाही. (खाऱ्या पाण्यात अत्यल्प फरक पडतो, पण तो या पाठापुरता सोडून द्यावा.)

प्रयोग दुसरा. बाटली रंगीत पाण्याने काठोकाठ भरून तिच्या तोंडात नळी बसवावी व फट मेणाने बुजवावी. बाटली ऊन पाण्यात ठेवताच थोड्या वेळाने नळीतील पाणी वर चढू लागते. बाहेरून एक थेंबही न घालता पाणी वाढले, कारण उष्णतेने पाणी प्रसरण पावते.

प्रयोग तिसरा. बर्फाचे दोन सारखे खडे घ्यावेत. एक ताटलीत उघड्या हवेत ठेवावा व दुसरा वाडग्यातील साध्या पाण्यात सोडावा. पाण्यातील खडा पुष्कळ आधी नाहीसा होतो. पाणी हवेहून कितीतरी अधिक उष्णता साठविते व बर्फास ती त्वरेने देते.

हे तीन प्रयोग झाल्यावर पृथ्वीगोल पुढे ठेवून विवेचनास आरंभ करावा. वातावरणात कर्बद्विप्राणिल वायू वाढल्यामुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता अडकून राहते, तिच्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग महासागर शोषून घेतात. त्याचा पहिला परिणाम दुसऱ्या प्रयोगासारखा होय : १९७१ ते २०१८ या काळात समुद्राच्या पातळीत झालेल्या वाढीपैकी सुमारे निम्मी वाढ केवळ पाणी प्रसरण पावल्यामुळे झाली.

दुसरा परिणाम हिमस्तरांवर होतो. जमिनीवर पसरलेल्या अतिविशाल हिमाच्या थरास हिमस्तर म्हणतात. असे हिमस्तर आज दोनच आहेत. अंटार्क्टिकाचा हिमस्तर सुमारे १ कोटी ४० लक्ष चौरस किलोमीटर पसरला असून त्याची सरासरी जाडी सुमारे २ किलोमीटर आहे. त्यातील जमिनीवर टेकलेला बर्फ सर्व समुद्रात गेला तर पातळी सुमारे ५८ मीटर वाढेल. ग्रीनलंडचा गेला तर सुमारे ७ मीटर. असे घडण्यास हजारो वर्षे लागतील, हे विद्यार्थ्यांस अवश्य सांगावे.

हिमस्तर स्थिर नसतो. स्वतःच्या भाराने तो घट्ट काकवीप्रमाणे सावकाश समुद्राकडे सरकतो. किनाऱ्यावर पोचल्यावर त्याचा तळ जमिनीपासून सुटतो व पुढील भाग पाण्यावर तरंगू लागतो. या तरंगत्या भागास हिमफळी म्हणावे. पहिल्या प्रयोगानुसार हिमफळी वितळल्याने पातळी वाढत नाही. मग तिची चिंता कशासाठी? कारण कलत्या भिंतीस दिलेल्या टेकूप्रमाणे ती मागील बर्फास अडवून धरते. २००२ साली अंटार्क्टिकाच्या द्वीपकल्पावरील लार्सन-ब या हिमफळीचा सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरचा भाग महिन्याभरात मोडून पडला. त्यास मुख्यत्वे हवेची ऊब कारण झाली. तेव्हा टेकू जाताच मागील हिमनद्या कितीतरी वेगाने समुद्रात उतरू लागल्या.

पश्चिम अंटार्क्टिकात हा टेकू समुद्र पोखरतो आहे. तेथे खोल पाण्यात शून्याहून सुमारे १ अंश वर तापमान असलेला खारट व जड पाण्याचा थर आहे. त्यास 'उबदार' म्हणणे मुलांस चमत्कारिक वाटेल. परंतु समुद्राचे पाणी सुमारे उणे १.९ अंशांस गोठते, व खोलीवरील दाबाने बर्फाचा वितळणबिंदू आणखी खाली जातो. यास्तव बर्फाच्या तळास ते पाणी सुमारे ३ अंशांनी गरमच असते. तेथील थ्वेट्स हिमनदीचे क्षेत्र सुमारे १ लक्ष ९२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तीनपंचमांशाहून थोडे अधिक आहे. तिच्यातील बर्फाने जगाची समुद्रपातळी सुमारे ६५ सेंटिमीटर वाढू शकते. तिचा तळ समुद्रपातळीच्या खाली असून बशीप्रमाणे आत खोलगट होत जातो. म्हणून बर्फ जसजसा मागे हटेल तसतसा अधिक जाड बर्फ उबदार पाण्यासमोर उघडा पडेल. पश्चिम अंटार्क्टिकाच्या या धोक्याचा इशारा हिमनदीशास्त्रज्ञ जॉन मर्सर यांनी १९७८ मध्येच दिला होता.

या प्रकरणी समुद्राचा अधिकार केवढा आहे हे ग्रीनलंडच्या याकोब्सहावन हिमनदीवरून दिसते. १९९७ च्या सुमारास तेथे उबदार पाणी शिरले; २००३ पर्यंत तिचा तरंगता भाग मोडला व तिचा वेग जवळजवळ दुप्पट झाला. पुढे २०१६ च्या सुमारास थंड पाणी आले, तेव्हा काही वर्षे ती मंदावली व तिचे मुख जाडही झाले.

तरंगता बर्फ व पक्की जमीन यांतील भेदास भारताच्या संशोधनातून एक उदाहरण देता येईल. भारताचे अंटार्क्टिकावरील पहिले ठाणे 'दक्षिण गंगोत्री' हिमफळीवर उभारले होते. ते हिमात गाडले जाऊ लागल्याने सोडावे लागले. १९८९ मध्ये उभारलेले 'मैत्री' हे ठाणे खडकावर आहे. या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र गोव्यात वास्को येथे आहे.

१९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. २००६ ते २०१८ मध्ये वाढीचा वेग वर्षास सुमारे ३.७ मिलिमीटर होता. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार, १९९५ ते २०१४ च्या सरासरीच्या तुलनेत २१०० पर्यंतची संभाव्य वाढ, वायूंचे उत्सर्जन त्वरित घटविल्यास २८ ते ५५ सेंटिमीटर, व ते फार वाढू दिल्यास ६३ ते १०१ सेंटिमीटर आहे.

हे आकडे दूरदेशीचे नव्हेत. कोकणात खाड्यांच्या काठी खारबंदिस्तीचे बांध आहेत व गोव्यात खाजण जमिनी आहेत. या बांधांची उंची पूर्वीच्या भरतीच्या मानाने ठरलेली आहे. पातळी वीतभर वाढली तरी उधाणाची भरती तेवढ्याच अधिक उंचीवरून बांधास भिडते. शेतात एकदा खारे पाणी शिरले की भाताचे पीक हातचे जाते.

पाठ शिकविताना विद्यार्थ्यांच्या मनात भीती उत्पन्न करू नये, तसेच विषय दूरचा म्हणून टाळूही नये. वरील दोन अंदाजांतील अंतर माणसाच्या कृतीने पडते, हे त्यांच्या ध्यानी आणून द्यावे.

सरावासाठी प्रश्न :
१. तरंगणारा हिमनग वितळल्याने पातळी जवळजवळ का वाढत नाही?
२. हिमफळी वितळल्याने पातळी वाढत नाही, तरी ती नाहीशी होणे धोक्याचे का?
३. एक अंश तापमानाचे पाणी बर्फास 'उबदार' कसे?
४. बर्फ मुळीच न वितळता समुद्राची पातळी वाढू शकेल काय? प्रयोगाच्या आधारे सांगा.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्यांनी स्वतःच्या शब्दांत दिले, तर पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे.