फडावर जाण्याआधी

पोरी, आशा म्हणून तुझी निवड झाली, बरं झालं. आता गावात कोणाचं मन बिघडलं की माणसं आधी तुझं दार ठोठावतील. कोणाला कुठं धाडायचं, ते पक्कं ठेव.

झोप उडालीय, कानात आवाज येतात, जीव द्यायच्या गोष्टी करतो, असा माणूस थेट मनोविकारतज्ज्ञाकडं न्यायचा. तो एमबीबीएस होऊन पुढं शिकलेला डॉक्टर, गोळी त्यानंच लिहायची. अंबाजोगाईच्या स्वाराती रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वेगळा. तो चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो, औषध देत नाही. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते, ती विचारायला लाजू नको. समुपदेशकाची पाटी हल्ली कोणीही लावतं. सोशल वर्करला मात्र हलक्यात घेऊ नको. घरच्यांची समजूत, दिव्यांगाच्या दाखल्याची वाट, हे तोच दाखवतो.

देवऋषाकडं जाणाऱ्यांशी वाद घालू नको. योगेश्वरीची ओटी भरा म्हणावं, पण गोळी चुकवू नका. साखळीनं बांधलेला माणूस दिसला तर मात्र गप्प बसायचं नाही. 2017 च्या कायद्यानं असं बांधायला बंदी आहे.

खरी फरफट ऊसतोडीत होते. मुकादमाची उचल घेतलेली जोडी दिवाळीच्या सुमारास निघते ती उन्हाळ्यातच परतते, आणि गोळी तिकडंच सुटते. निघण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगायला लाव, ‘साहेब, कारखान्यावर चाललो, चार-पाच महिने येणं नाही.’ ते देतील तितकी औषधं घ्यायची आणि चिठ्ठीची झेरॉक्स बाईच्या पिशवीत ठेवायची. गोळीचं नाव नि मिलिग्रॅम दिसलं की तिथल्या डॉक्टरचं काम सोपं होतं.

चिठ्ठीवर लिथियम असेल तर कान देऊन ऐक. ती गोळी रक्त तपासूनच चालते. उन्हात घाम गेला, अंगातलं पाणी-मीठ उतरलं की लिथियम रक्तात चढतं. पाणी भरपूर प्यायचं, जेवणातलं मीठ एकदम तोडायचं नाही. कंबर धरली म्हणून मेडिकलवरून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणायचं नाही, त्यानंही ते चढतं. हात जोरात थरथरले, उलटी-जुलाब लागले, झोक जायला लागला, जीभ जड झाली, तर लोक ‘प्यालाय’ म्हणून हसतील. पुढची गोळी न देता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि लिथियम चालू आहे हे आधी सांगायचं.

उदासीच्या गोळीचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, हेही बजाव. नाहीतर आठव्या दिवशी पाकीट कोपीच्या कुडात खोचलेलं सापडतं.

टेली-मानसचा 14416 हा नंबर बाईच्याच मोबाइलात भरून दे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आणि निघायच्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन गोळ्या मोज. ट्रक रात्री येतो, म्हणून दुपारीच जा.