लघुपट आणि विद्यार्थी

१९२८ च्या बारडोली सत्याग्रहावर पाच मिनिटांचा लघुपट काढा म्हटले की प्रत्येक मुलाला वल्लभभाईच व्हावयाचे असते! परंतु २२ टक्के सारावाढ म्हणजे काय, हे एका दृश्यात दाखवावयाचे ठरताच गणित, इतिहास व भाषा यांचा कस लागतो. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याचा दाणा रुजून वाढताना दाखविला, तो दिवसेंदिवस थोडे थोडे चित्रण करून. आणि त्यांच्या फिल्मा धुण्यास सरस्वतीबाई हात लावीत. आज यंत्र खिशात आले, तरी तो धीर व ती कामाची वाटणी शिकवावीच लागते.

आमच्या मते खरा कस संकलनात. आपण उन्हात उभे राहून टिपलेले दृश्य कथेला नको, असे सोबत्याने म्हणावे व ते आपल्याच हाताने काढून टाकावे, हे तेरा वर्षांच्या मुलास सोपे नव्हे. एरवी वर्गात गप्प बसणारी मुलगी येथे बहुधा सर्वांत नेमके बोलते.