कामावरील इजा आणि मालकाची जबाबदारी

दिवाळी झाली की मानवतच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागू लागतात. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने रात्रंदिवस चालतात आणि त्यांच्या जोडीने वेल्डिंगची दुकाने, गॅरेज, सुतारकाम, हमाली, मालवाहतूक अशा सर्वांच्या हाताला काम मिळते. हाच काळ अपघातांचाही असतो. हंगामाची घाई असते, कामगार नवखे असतात, रात्रपाळीत डोळ्यांवर झोप असते.

अपघात झाला की दोन वडीलधारी माणसे मध्ये पडतात, काही रक्कम ठरते, कागदावर अंगठा उमटतो आणि प्रकरण 'मिटले' असे समजले जाते. बहुतेक वेळा मालकाच्या मनात खोट नसते. तरीही कायद्याच्या दृष्टीने ते प्रकरण मिटलेले नसते. हीच गोष्ट आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंच्या ध्यानी यावी म्हणून हा लेख.

इजा कशाने होते?

कारणे नेहमीचीच आहेत. चालत्या पट्ट्यात सदऱ्याची बाही किंवा पदर अडकतो. यंत्र तुंबले की ते बंद न करताच हाताने कापूस ओढला जातो. दुरुस्तीसाठी काढलेली जाळी पुन्हा बसवली जात नाही. गठाणींची थप्पी कोसळते. चष्मा न लावता वेल्डिंग केल्याने डोळा जातो. अर्थिंग नसलेल्या मशीनचा शॉक बसतो. ही बहुतेक कारणे थोड्या खर्चात आणि थोड्या शिस्तीत टळण्यासारखी आहेत.

१९४८ च्या कारखाना कायद्यानेच यंत्राचा प्रत्येक धोकादायक भाग झाकलेला असावा असे बंधन घातले होते. कापूस दाबण्याच्या विभागात कापूस मोकळा करणारे यंत्र चालू असेल तेथे स्त्रिया व मुले यांना कामावर ठेवू नये, असे खास कलमही त्यात होते. आपल्या धंद्यातील धोका कायदा करणाऱ्यांना तेव्हाच दिसला होता.

चूक कोणाची, हा प्रश्नच नाही

१९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला. २०१० मध्ये त्याचे नाव कर्मचारी भरपाई कायदा असे झाले. त्याच्या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आल्या असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. नाव बदलले, पण गाभा तोच राहिला. कामामुळे आणि कामाच्या ओघात इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. 'त्याचेच लक्ष नव्हते' हे उत्तर चालत नाही.

मालकाच्या सबबी मोजक्याच आहेत. कामगार दारू किंवा नशेत होता, सुरक्षेचा स्पष्ट नियम त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा संरक्षक साधन मुद्दाम काढून टाकले, तर मालक सुटू शकतो. परंतु मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर याही सबबी उपयोगी पडत नाहीत.

'माणसे मुकादमाची होती, माझी नव्हे' असेही पुष्कळांना वाटते. आपल्या धंद्याचेच काम ठेकेदारामार्फत करून घेतले तर कामगार मूळ मालकाकडे भरपाई मागू शकतो. मालकाने ती ठेकेदाराकडून नंतर वसूल करावी.

रक्कम किती होते?

समजा, ३० वर्षांचा कामगार आहे आणि त्याचा महिन्याचा पगार १०,००० रुपये आहे. यंत्रात त्याचा एक हात गेला. पगाराच्या ६० टक्के म्हणजे ६,००० रुपये. ३० वर्षांच्या वयासाठी कायद्याच्या तक्त्यात २०७.९८ हा गुणक दिला आहे. गुणाकार १२,४७,८८० रुपये होतो. एक हात गेल्यास कमाईची शक्ती ६० टक्के गेली असे अनुसूची मानते. म्हणून भरपाई ७,४८,७२८ रुपये. केवळ अंगठा गेला तर ३० टक्के, म्हणजे ३,७४,३६४ रुपये. मृत्यू झाला तर पगाराच्या निम्म्या रकमेला त्याच गुणकाने गुणतात. ते १०,३९,९०० रुपये होतात. औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा द्यावा लागतो.

अनुसूचीतील टक्केवारी हा शेवटचा शब्द नाही. एका चित्रपटगृहात नक्षीकाम करणारा सुतार १९६८ साली पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व पूर्ण, म्हणजे शंभर टक्के धरले गेले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये ते मान्य केले. भरपाई निकालाच्या नव्हे, अपघाताच्या दिवसापासून देणे होते, असेही न्यायालयाने बजावले. ज्यांचा हात हेच भांडवल, त्या कारागिरांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

आपसांतला कागद

भरपाईचा हक्क सोडल्याचा करार कायद्याने रद्दबातल आहे, मग त्यावर कितीही साक्षीदार असोत. मृत्यू झाला असेल तर वारसांच्या हाती परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. ती अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते व तोच वारसांत वाटणी करतो. म्हणजे मालकाने चांगल्या मनाने दोन लाख घरी नेऊन दिले, तरी पूर्ण रकमेचा दावा उभा राहू शकतो. देणे महिन्याच्या आत भागवले नाही तर १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड बसतो.

हे काम किती रेंगाळू शकते ते मराठवाड्यातच दिसले. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील साखर कारखान्याचा एक रखवालदार २२ एप्रिल २००३ रोजी पहाटेच्या पाळीला मोटारसायकलने निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी ती पुन्हा कायम केली. कामावर येता-जाता झालेला अपघात, वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दिसत असेल तर कामावरचाच धरावा, असा हा निकाल आहे. घरच्यांना २२ वर्षे थांबावे लागले.

माल वाहायच्या गाडीत माणसे

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव येथे शेतमजूर महिलांना नेणारा ट्रॅक्टर विहिरीत कोसळून सात महिलांचा मृत्यू झाला. त्या वसमत तालुक्यातील गुंज गावच्या होत्या. आपल्या रस्त्यांवरही कापूस वेचणाऱ्या बाया अशाच ट्रॉलीतून जातात. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. परंतु मालवाहू वाहनात उतारू म्हणून बसवलेल्या माणसांना त्या विम्याचे संरक्षण नाही. विमा कंपनीला न्यायालयाने आधी पैसे भरायला लावले, तरी ती ते वाहनमालकाकडून वसूल करते.

शिवाय निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यंत्राबाबतच्या निष्काळजीपणासाठी कलम २८९ वेगळे आहे. भरपाई दिली म्हणून फौजदारी आपोआप टळत नाही.

मालकांनी काय करावे?

१. हजेरी व पगाराची नोंद ठेवावी. हंगामी कामगारांचीही ठेवावी.
२. यंत्रावरील जाळी दर पाळीला तपासावी. यंत्र बंद केल्याशिवाय हात घालू देऊ नये.
३. अठरा वर्षांखालील मुलांना धोक्याच्या कामावर ठेवू नये, चौदा वर्षांखालील मुलांना कामावर घेऊच नये.
४. कामगारांना राज्य विमा योजना लागू नसेल तर कर्मचारी भरपाईचा विमा उतरवावा. भरपाई विमा कंपनी देते, उशिराचा दंड मात्र मालकालाच भरावा लागतो.
५. अपघात झाल्यास आधी दवाखाना, मग लेखी नोंद, मग विमा कंपनी व अधिकाऱ्यास कळवणे, हा क्रम सोडू नये.

कामगार बंधूंनी दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत, मालकास लवकर लेखी कळवावे आणि दोन वर्षांच्या आत दावा दाखल करावा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये.

आपल्याकडे मालक आणि कामगार बहुधा एकाच मोहल्ल्यातले, कधी एकाच घरचे असतात. म्हणून नियमाने द्यायला संकोच वाटतो आणि मागायलाही. आम्हाला वाटते, नियमाने दिले-घेतले तरच तो शेजार टिकतो. हंगाम दरवर्षी येतो. गेलेला हात परत येत नाही.