जखमींचा कैवारी

विसाव्या शतकाच्या आरंभी लंडन हे जगातील सर्वांत मोठे शहर होते. त्याच्या मुख्य भागात सुमारे ४५ लाख माणसे राहत. मोठमोठी रुग्णालये, विख्यात शल्यवैद्य आणि विद्यापीठ यांमुळे त्या नगराची कीर्ती दूरवर पसरलेली होती. परंतु त्याच नगरात परांचीवरून कोसळलेला गवंडी किंवा गाडीखाली सापडलेले मूल रुग्णालयात न्यावयाचे झाल्यास काय होत असे? कोणी तरी धावत जाऊन पोलीस शिपायास बोलावून आणी. तो चौकीतून दोन चाकांची ढकलगाडी घेऊन येई, आणि तिच्यावर जखमीस निजवून ती हाताने ढकलीत नेई. तेवढा धीर नसला, तर लोक जखमीस भाड्याच्या घोडागाडीत कसेबसे कोंबून बसवीत. कधी कधी तर एखाद्या फळीवरच त्याला उचलून नेत.

या प्रवासातच पुष्कळांचे अधिक नुकसान होई. मांडीचे हाड मोडलेल्या माणसास गाडीत बसविले आणि गाडी दगडी रस्त्यावरून खडखडत चालली, म्हणजे मोडलेल्या हाडाची टोके आतील मांसात रुतत. क्वचित ती कातडी फोडून बाहेर येत व जखमेत घाण शिरे. आधाराच्या पट्ट्या बांधून निजवून नेला असता जो पाय सहज बरा झाला असता, तो अशा वेळी कापावा लागे. वाहणारे रक्त वेळीच थांबविले नाही, तर रुग्णालयाचे दार दिसण्यापूर्वीच माणूस प्राणास मुके. आत निष्णात वैद्य सज्ज असत. पण जखमी त्यांच्यापर्यंत धड पोहोचतच नसे.

या गोष्टीचे शल्य ज्यांना सलत होते, त्यांत विल्यम जॉब कॉलिन्स हे एक होते. त्यांचा जन्म १८५९ साली लंडन येथे झाला. त्यांचे वडीलही वैद्यच होते. सेंट बार्थोलोम्यू या जुन्या रुग्णालयात शिक्षण घेऊन विल्यम शल्यवैद्य झाले व नेत्ररोगांच्या चिकित्सेत त्यांनी नाव मिळविले. त्यांनी केवळ आपला व्यवसाय केला असता, तर धन आणि मान यांची त्यांना वाण पडली नसती. परंतु शस्त्रक्रियेच्या मेजावर एका वेळी एकच माणूस वाचविता येतो. जी व्यवस्था हजारोंना वाचवील, ती उभारण्यास कायद्याचा आणि सार्वजनिक पैशाचा आधार लागतो. म्हणून १८९२ साली ते लंडनच्या कौंटी कौन्सिलचे सभासद झाले. १८९७ साली त्यांना तिचे अध्यक्षपद मिळाले, आणि १९०६ साली लोकांनी त्यांना पार्लमेंटमध्ये निवडून दिले.

इतर नगरांची उदाहरणे त्यांच्या डोळ्यांसमोर होती. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाने १८६९ सालीच घोड्यांच्या रुग्णवाहिका सुरू केल्या होत्या. व्हिएन्ना येथे १८८१ साली एका नाट्यगृहास भयंकर आग लागून शेकडो माणसे दगावली. दुसऱ्याच दिवशी तेथील नागरिकांनी स्वयंसेवी मदत संस्था स्थापन केली. इंग्लंडातही लिव्हरपूल येथे १८८४ साली रुग्णालयाची रुग्णवाहिका धावू लागली होती.

लंडनमध्ये रुग्णवाहिका नव्हत्याच, असे नव्हे. देवी, घटसर्प अशा सांसर्गिक रोगांनी आजारी असलेल्यांना नेण्यासाठी एका सार्वजनिक मंडळाने घोडे, गाड्या आणि परिचारिका ठेवल्या होत्या. पण रस्त्यात पडलेल्या जखमीसाठी त्या नव्हत्या. पुढे १९०७ साली लंडनच्या अगदी मध्यभागी असलेल्या ‘सिटी’ या जुन्या भागातील पोलिसांनी विजेवर चालणारी रुग्णवाहिका ठेवली. मात्र सिटीचा विस्तार अवघा एक चौरस मैल. त्या सीमेच्या आत जो पडेल, त्याच्यासाठी गाडी धावत येई; सीमेपलीकडे चार पावलांवर जो पडेल, त्याच्या वाट्यास ढकलगाडी! एकाच नगरातील माणसांत हा भेद का असावा?

तथापि, सुधारणेचा मार्ग सोपा नव्हता. ढकलगाड्या पुरेशा आहेत, असे काहींचे मत होते. करदात्यांवर खर्चाचा बोजा पडेल, अशी काहींना भीती वाटे. हे काम पोलिसांचे, सांसर्गिक रोगांच्या मंडळाचे की कौन्सिलचे, याचाही वाद होता. ज्या कामाचे धनी अनेक, त्याचा वाली कोणीच नसतो, असाच हा प्रकार होता.

कॉलिन्स यांनी हा प्रश्न तडीस नेण्याचे ठरविले. सरकार विधेयक मांडीत नसेल, तर पार्लमेंटचा साधा सभासदही ते मांडू शकतो. मात्र अशी विधेयके बहुधा मागे पडतात. कारण सभेचा बराचसा वेळ सरकारी कामातच जातो. विधेयकाची तीन वाचने व्हावी लागतात, त्यातील प्रत्येक कलमाची छाननी होते, दोन्ही सभागृहांची संमती लागते, आणि शेवटी राजाची मान्यता मिळते. या सर्व पायऱ्या चढून कॉलिन्स यांचे विधेयक १९०९ साली संमत झाले. लंडन कौंटी कौन्सिलला अपघातग्रस्तांसाठी रुग्णवाहिका ठेवण्याचा अधिकार त्याने दिला.

पण गोष्ट येथेच संपली नाही. कायद्याने कौन्सिलला अधिकार दिला होता, सक्ती केली नव्हती. ‘करता येईल’ आणि ‘केलेच पाहिजे’ या दोन शब्दप्रयोगांत किती अंतर आहे, हे लंडनच्या लोकांना तेव्हा कळून आले. वर्षामागून वर्षे गेली, तरी गाड्या रस्त्यावर आल्या नाहीत. दरम्यान १९१० सालच्या अखेरीस झालेल्या निवडणुकीत कॉलिन्स यांचा पराभव झाला. अखेर १९१५ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, कौन्सिलच्या मोटार रुग्णवाहिका सुरू झाल्या. पुरुष रणांगणावर गेल्यामुळे स्त्रियांनीही या गाड्यांवर काम केले. त्या वेळी कॉलिन्स पार्लमेंटमध्ये नव्हते; पण त्यांनी लावलेल्या रोपास फळ आले होते.

१९३० साली सांसर्गिक रुग्णांच्या गाड्याही कौन्सिलकडे आल्या. १९३७ साली लंडनमध्ये संकटसमयी मदत मागण्यासाठी ९९९ हा दूरध्वनी क्रमांक सुरू झाला. हे सर्व पाहण्याचे भाग्य कॉलिन्स यांना लाभले. १९४६ साली त्यांचे निधन झाले.

रुग्णवाहिका भोंगा वाजवीत जवळून जाते, तेव्हा लोक बाजूस होऊन तिला वाट देतात. ती कोणाच्या प्रयत्नाने आली, हे आतील जखमीस ठाऊक नसते. ते त्याला ठाऊक असण्याची आवश्यकताही नसते. ती वेळेवर आली, एवढे पुरे. मात्र ती वेळेवर येण्यासाठी कोणी तरी पुष्कळ आधी जागे राहिलेले असते. कॉलिन्स यांनी वैद्य म्हणून जखम पाहिली आणि लोकप्रतिनिधी म्हणून तिचे कारण दूर करण्याचा यत्न केला. दुःख पाहून हळहळणारे पुष्कळ असतात. त्यावर उपाय योजून तो चिकाटीने शेवटास नेणारे थोडे. कॉलिन्स त्या थोड्यांपैकी एक होते.

स्वाध्याय

१. मोडलेल्या हाडाच्या जखमीस भाड्याच्या गाडीत बसवून नेण्याने कोणते नुकसान होत असे?

२. ‘सिटी’च्या आतील आणि बाहेरील जखमींत कोणता भेद होता?

३. ‘करता येईल’ आणि ‘केलेच पाहिजे’ यांतील फरक धड्याच्या आधारे स्पष्ट करा.

४. पुढील शब्दप्रयोग वाक्यांत योजा : प्राणास मुकणे, वाण पडणे, तडीस नेणे, वाट्यास येणे.

५. उपक्रम : आपल्या गावी अपघात झाल्यास १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून कोणती माहिती सांगावी लागेल, ते पाच वाक्यांत लिहा.